वरचा ग्राफिक स्लॉट सकाळी १६ लेन, दुपारी ४ लेन : स्लॉट गेला की आणखी काही?

भरतीओहोटी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत माझं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो आणि नेमकं त्याच्या तोंडावर मशीन दगा देतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीन २०१९ सालचं. इंटेलचा नवव्या पिढीचा 'एफ'वाला प्रोसेसर, म्हणजे त्याच्यात स्वतःचं ग्राफिक नाही. कार्ड दिसलं नाही तर स्क्रीनवर काहीच येत नाही. कार्ड १६ लेनचं (लेन म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यात माहिती वाहणाऱ्या वाटा), पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या ३.० पिढीचं, आणि त्याला पॉवर सप्लायमधून ८ पिनची वेगळी वायर आहे.

सकाळी पहिल्यांदा सुरू केलं की सगळं व्यवस्थित. जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) १६ लेन दिसतात. तासाभराने, विशेषतः रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल बनवणं) लावला की, स्क्रीन काळी होते आणि पंखे तसेच फिरत राहतात. बटण दाबून बंद केलं आणि परत चालू केलं की जीपीयू-झेडमध्ये १६ ऐवजी ४ लेन. त्यावर कधी दोन तास चालतं, कधी दहा मिनिटांत परत काळं. रात्रभर बंद ठेवलं की सकाळी पुन्हा १६.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिले म्हणाले कार्ड गेलं. तेच कार्ड मित्राच्या मशीनमध्ये तीन दिवस रेंडरवर ठेवलं, १६ लेनवर, एकदाही अडकलं नाही. दुसरे म्हणाले स्लॉट गेला, बोर्ड बदला. या सॉकेटचा नवा बोर्ड आता सहज मिळत नाही, म्हणजे बोर्डापाठोपाठ प्रोसेसर आणि रॅमही आली. वॉरंटी तीन वर्षांची होती, ती कधीच संपली.

स्लॉट असा अर्धामुर्धा जातो का? आणि थंड असताना बरा, तापल्यावर खराब, हे कसं?

---

ऑक्टोबरहीट | सोमवार, रात्री ११:१५

पॉवर सप्लाय आधी बघा. पाच वर्षं जुना असेल तर लोडवर १२ व्होल्ट खाली येतो आणि अशीच स्क्रीन जाते. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं.

---

खडूफळा | सोमवार, रात्री ११:५०

एक साधी गोष्ट आधी तपासून घ्या. जीपीयू-झेड दोन आकडे दाखवतं, लेन किती आणि पिढी कोणती. मशीन निवांत असताना पिढी ३.० वरून १.१ वर उतरलेली दिसते. ती वीज वाचवण्यासाठी असते, तो बिघाड नव्हे. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून त्यातली छोटी रेंडर टेस्ट चालवा, पिढी वर चढली पाहिजे. लेनचा आकडा मात्र निवांत असतानाही सहसा कमी होत नाही, त्यामुळे तुमचे ४ मला खरेच वाटतात.

येणाऱ्या-जाणाऱ्या वाचकांसाठी : काही कार्डांचा कनेक्टर लांबीला १६ चा असला तरी आत जोडलेल्या लेन कमी असतात. आरटीएक्स ४०६० ला ८ आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला ४. अशा कार्डाला ८ किंवा ४ दिसलं तर घाबरू नका. इथे मित्राच्या मशीनमध्ये १६ दिसले आहेत, त्यामुळे तो मुद्दा निकालात.

---

सागरवारा | मंगळवार, सकाळी ७:३०

मी मालवणचा. आपल्याकडे खारी हवा हे पहिलं कारण धरायचं. माझ्या दुकानात येणाऱ्या बोर्डांवर रॅमच्या आणि ग्राफिकच्या स्लॉटात हिरवट थर हमखास असतो. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, स्लॉटात जुना टूथब्रश कोरडाच मारा. दहातल्या सहा मशीन तेवढ्यावर चालू होतात.

---

जुना टेस्टर | मंगळवार, दुपारी १:०५

भरतीओहोटी, प्रश्न छान मांडला आहेस. कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये तीन दिवस चालवून बघितलंस, निम्मं काम तिथेच झालं.

सागरवारा यांचं खाऱ्या हवेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. खोडरबराबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्या पट्टीवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो आणि रबर तो खरवडतो. एकदा चालून जातं, तिसऱ्या वेळेला खालचा निकेल उघडा पडतो, आणि मग खारी हवा दुप्पट वेगाने काम करते. शिवाय रबराचा भुसा स्लॉटात पडतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड घे. स्लॉटात कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा असेल तर वायर काढून, आणि नंतर पूर्ण वाळू दे.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. १६ लेनच्या स्लॉटात एकूण १६४ संपर्क असतात, प्रत्येक बाजूला ८२. खाचेच्या अलीकडचे ११ + ११ मुख्यतः वीज आणि किरकोळ सिग्नलचे. स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, तो याच भागातून. खाचेच्या पलीकडे लेन ० पासून १५ पर्यंत ओळीने मांडलेल्या असतात. मशीन सुरू होताना प्रोसेसर आणि कार्ड एकमेकांना विचारतात, तुझ्या किती लेन मला ऐकू येतात? सगळ्या आल्या तर १६. आठवी ते पंधरावी यांतली एखादी मुकी असेल तर ८ वर तडजोड होते. चौथी ते सातवी यांत गडबड असेल तर ४. आणि लेन ० च गेली तर बहुधा कार्ड दिसतच नाही.

तुला ८ कधीच दिसत नाहीत, थेट ४ दिसतात. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

ऑक्टोबरहीट, पॉवर सप्लाय कमकुवत असेल तर मशीन बंद पडेल किंवा ड्रायव्हर कोसळेल. पण लेनची संख्या दुपारी कमी होऊन सकाळी भरून येणं सप्लायच्या खात्यावर घालणं मला जड जातं.

दोन कामं कर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघड आणि 'व्हीआ लॉगर' (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा), इव्हेंट आयडी १७ शोध. आत बस, डिव्हाइस, फंक्शन असे आकडे असतील, ते इथे लिही. दुसरं म्हणजे कार्ड खालच्या लांब स्लॉटात लाव. तिथे ४ च लेन असतील, पण सीझनची कामं अडणार नाहीत. ३.० च्या ४ लेन म्हणजे सेकंदाला जवळपास ३.९ जीबी, एडिटिंगला चालून जाईल.

---

भरतीओहोटी | बुधवार, रात्री ९:२०

काका, मनापासून आभार. सगळं केलं.

स्लॉट आणि कार्ड अल्कोहोलने पुसलं. थोडा मळ निघाला, हिरवं काही नव्हतं. लक्षण तसंच.

इव्हेंट आयडी १७ च्या नोंदी शेकड्याने आहेत. स्क्रीन जायच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत तर रांगच लागलेली असते. 'पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट' असं लिहिलंय, आकडे बस ०, डिव्हाइस १, फंक्शन ०.

कार्ड खालच्या स्लॉटात लावलं. कालपासून रेंडर चालू आहे, एकही नोंद नाही. पण माझी जुनी एम-टू ड्राइव्ह (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी) दिसेनाशी झाली! जीव घाबरा झाला, तिच्यावर दोन लग्नांचं फुटेज आहे.

---

खडूफळा | बुधवार, रात्री ९:४५

फुटेज सुरक्षित आहे, काळजी नको. खालचा लांब स्लॉट आणि खालची एम-टू एकाच लेन वाटून घेतात असे बरेच बोर्ड असतात. एकाला कार्ड लागलं की दुसरं बंद. मॅन्युअलमध्ये तसा तक्ता असतो. वरच्या एम-टूच्या जागेत लावा, दिसेल.

---

भरतीओहोटी | बुधवार, रात्री १०:३०

दिसली! वरच्या जागेत गणपतीत घेतलेली नवी एम-टू होती, ती काढून जुनी लावून बघितली. हे वाचून शंका आली : वरच्या एम-टूमुळेच तर वरच्या स्लॉटच्या लेन कमी होत नसतील? कारण त्रास गणपतीनंतरच सुरू झाला.

---

जुना टेस्टर | गुरुवार, सकाळी ८:१०

शंका योग्य, पण तुझ्या बोर्डाला लागू नाही. तुझ्या पिढीच्या प्रोसेसरमधून थेट १६ लेन निघतात आणि त्या सगळ्या वरच्या स्लॉटला जातात. दोन्ही एम-टू चिपसेटवर, म्हणजे बोर्डावरच्या वेगळ्या चिपवर आहेत. लॉगमधला बस ०, डिव्हाइस १, फंक्शन ० हा पत्ता प्रोसेसरच्या त्या थेट पोर्टाचाच. म्हणजे गडबड प्रोसेसर ते कार्ड या वाटेवर आहे. त्या वाटेवर प्रोसेसरचं सॉकेट येतं, बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा येतात, बारीक कपॅसिटर येतात आणि सर्वांत शेवटी स्लॉट येतो. लोक शेवटच्या ठिकाणाला दोष देतात कारण तेवढंच डोळ्यांना दिसतं.

'गणपतीनंतर' हा शब्द तू आज पहिल्यांदा लिहिलास. नवी एम-टू कोणी बसवली?

---

भरतीओहोटी | गुरुवार, सकाळी ८:४०

मीच. वरची एम-टूची जागा ग्राफिक स्लॉटच्या अगदी वर, प्रोसेसर आणि स्लॉटच्या मध्ये आहे. तो टिचभर स्क्रू लावताना स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला होता. ओरखडा दिसला नाही म्हणून सोडून दिलं.

---

तांबडी माती | गुरुवार, दुपारी २:३०

मध्येच बोलतो, पण प्रोसेसरचं सॉकेट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. या सॉकेटात ११५१ पिना आहेत आणि एखादी वाकली किंवा तिच्यावर थर्मल पेस्टचा कण बसला तरी लेन कमी होतात. कूलर एका बाजूने जास्त आवळला असेल तरी होतं. मी अशा दोन केस प्रोसेसर काढून परत बसवूनच सोडवल्या आहेत. फक्त पिनांना बोट लावू नका. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून चारही बाजूंनी फोटो काढा, वाकलेली पिन वेगळी चमकते.

---

भरतीओहोटी | शुक्रवार, रात्री ११:३०

प्रोसेसर काढला. एवढं काम आजवर केलं नव्हतं, हात थरथरत होते. फोटो वर चढवले आहेत. मला सगळ्या पिना एकसारख्या दिसतात.

---

तांबडी माती | शनिवार, सकाळी ९:००

चारही फोटो मोठे करून ओळीओळीने बघितले. सॉकेट स्वच्छ आहे. माझा संशय मागे घेतो.

---

जुना टेस्टर | शनिवार, सकाळी ११:२०

उत्तम. आता चौथी ते सातवी लेन यांच्याबद्दलचा अंदाज पक्का करू. यासाठी कॅप्टॉन टेप लागेल, मोबाइल रिपेअरवाले वापरतात ती पिवळसर पारदर्शक. साधी सेलोटेप नको, तिचा चिकटा स्लॉटात राहतो.

कार्डाच्या पट्टीवर खाचेपासून मागच्या टोकाकडे मोज. खाचेनंतर २१ संपर्क सोडलेस की लेन ० ते ३ मोकळ्या राहतात. ३८ सोडलेस की ० ते ७. त्यापुढचं दोन्ही बाजूंनी झाकायचं. टोकाचे शेवटचे दोन मात्र उघडे ठेव, त्यांतल्या एकावरून बोर्डाला कार्ड बसल्याचं कळतं.

पहिल्यांदा ३८ सोडून झाक आणि रेंडर लाव. मग २१ सोडून झाक आणि परत लाव. प्रत्येक वेळी सुरुवात सकाळी, थंड मशीनवर. टेप पट्टीच्या कडेला दुमडू नको, स्लॉटात जाताना गोळा होईल. दर वेळी आधी वायर काढ, सप्लायचं बटण बंद कर, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लाव, मगच कार्डाला.

---

भरतीओहोटी | सोमवार, रात्री ८:५०

दोन्ही चाचण्या झाल्या.

रविवारी ३८ सोडून : सकाळी ८ लेनवर सुरू झालं. ५० मिनिटांनी १७ च्या नोंदींची रांग, स्क्रीन काळी, परत चालू केल्यावर ४.

आज २१ सोडून : सकाळी ९ पासून आत्तापर्यंत ४ लेनवर अखंड रेंडर. एकही नोंद नाही.

---

जुना टेस्टर | सोमवार, रात्री ९:३०

म्हणजे दोष लेन ४, ५, ६ किंवा ७ मध्ये आहे. आता बोर्ड बाहेर काढ आणि भिंग घे.

प्रत्येक लेनमध्ये जाणारी एक जोडी आणि येणारी एक जोडी असते. प्रोसेसरकडून कार्डाकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेवर बोर्डावर एक कपॅसिटर असतो. १६ लेन, दोन तारा, म्हणजे ३२ कपॅसिटर. (येणाऱ्या जोडीचे कपॅसिटर कार्डावर असतात, आणि कार्ड ठीक आहे.) तुझ्यासारख्या बोर्डांवर ते बहुधा स्लॉटच्या वरच्या बाजूला ओळीत बसवलेले असतात, एम-टूच्या स्क्रूजवळ. मिलिमीटरभर लांब, फिकट तपकिरी, दोन्ही टोकांना चंदेरी. मोज. ३२ भरले तर एकेकाचं दोन्हीकडचं टोक तपास. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस.

---

भरतीओहोटी | मंगळवार, दुपारी १२:१५

सापडला.

३२ आहेत. पण एम-टूच्या स्क्रूच्या भोकापासून बोटभर अंतरावर एक ओळीतून किंचित तिरका आहे. बायकोच्या मेंदीचे फोटो काढायला मॅक्रो लेन्स घेतली होती, तिने फोटो काढला. उजव्या टोकाच्या सोल्डरला केसाएवढी चीर आहे. लाकडी टूथपिकने हलकेच स्पर्श केला तर ते टोक हललं.

थंड असताना टोक टेकलेलं राहत असणार आणि बोर्ड तापला की सुटत असणार. आठवडाभर उशाशी घेऊन झोपलेला प्रश्न सुटल्यासारखं वाटतंय.

---

ऑक्टोबरहीट | मंगळवार, दुपारी १२:४०

जबरदस्त! मग तिथे बारीक तार टाकून दोन्ही टोकं जोडून टाका. कपॅसिटरची एवढी गरज नसते.

---

जुना टेस्टर | मंगळवार, दुपारी १:१०

नको, कृपा करून नको. दोन चिपांच्या दोन बाजूंना स्थिर व्होल्टेजची पातळी वेगळी असू शकते. कपॅसिटर ती अडवतो आणि फक्त वेगाने बदलणारा सिग्नल पलीकडे जाऊ देतो. शिवाय समोर कार्ड आहे की नाही हे प्रोसेसर तारेवरचं व्होल्टेज किती वेळात चढतं यावरून ओळखतो, त्यातही या कपॅसिटरचा वाटा असतो. तार टाकून एखादं मशीन चाललंही असेल, पण ज्याच्यावर घर चालतं त्या मशीनमध्ये हा प्रयोग करायचा नाही.

भरतीओहोटी, तू स्वतःही सोल्डर करू नकोस. कॉम्प्युटरवाल्याकडे नाही, सूक्ष्मदर्शक आणि हॉट एअर असलेल्या चांगल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे जा. त्यांच्या रोजच्या कामाचे भाग याहूनही बारीक असतात. ३.० साठी २२० नॅनोफॅरड लागतो. त्याच्याकडे नसेल तर एखाद्या मेलेल्या मदरबोर्डाच्या ग्राफिक स्लॉटजवळचा तसाच काढून लावता येतो, तो बोर्डही ३.० चा असला म्हणजे झालं. जुनाच परत वितळवून बसवू नका. टोकाला चीर पडली तिथे आतही पडलेली असू शकते. आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या स्लॉटवर टेप लावायला सांग, गरम हवेने तो वितळतो.

---

भरतीओहोटी | बुधवार, रात्री १०:००

बाजारातल्या एका मोबाइल रिपेअरवाल्या मुलाने केलं. आधी तो बोर्ड बघून नाही म्हणत होता, एवढा मोठा बोर्ड कधी हातात घेतला नाही म्हणून. धाग्यातले फोटो दाखवल्यावर तयार झाला. माझ्याच कपाटातल्या जुन्या मेलेल्या ३.० बोर्डावरून कपॅसिटर काढला आणि वीस मिनिटांत लावून दिला. ४०० रुपये घेतले. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

जोडणी करून चालू केलं. १६ लेन. सकाळपर्यंत रेंडर लावून ठेवतोय.

---

भरतीओहोटी | पुढचा बुधवार, सकाळी ७:१५

मुद्दाम आठवडाभर थांबून लिहितोय. सात दिवसांत दोन पूर्ण लग्नं आणि एक साखरपुडा रेंडर झाला. मध्ये दोन दिवस घामाच्या धारा लागतील इतका उकाडा होता. इव्हेंट आयडी १७ : शून्य. लेन कधीही बघितल्या तरी १६. दोन्ही एम-टू जागच्या जागी.

जुना टेस्टर काका, खडूफळा, तांबडी माती, सागरवारा, ऑक्टोबरहीट, तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. चांगला बोर्ड आणि प्रोसेसर भंगारात चालले होते.

---

सागरवारा | बुधवार, सकाळी ९:३०

माझ्या दुकानात 'स्लॉट गेला' म्हणून बाजूला ठेवलेले तीन बोर्ड आहेत. काल भिंग घेऊन बसलो. एकावर ३१ च निघाले, बत्तिसाव्याच्या जागी दोन रिकामे ठिपके. इतकी वर्षं मी ब्रश मारून परत करत होतो. खोडरबरही आता ड्रॉवरमध्ये गेला.

---

पाणंद | बुधवार, दुपारी ४:००

पूर्ण धागा वाचला. माझ्याकडे ग्राफिकचा नाही, छोटा १ लेनचा स्लॉट आहे. त्यात व्हिनाइल कटरसाठी सिरियल पोर्टचं कार्ड लावतो, ते दोन आठवड्यांपासून दिसत नाही. हीच पद्धत चालेल का?

---

भरतीओहोटी | बुधवार, संध्याकाळी ६:२०

चालेल, पण टेपची चाचणी नाही जमणार, एकच लेन आहे. ते कार्ड लांब स्लॉटात लावून बघा, १ लेनचं कार्ड मोठ्या स्लॉटात बसतं आणि चालतं. तिथे दिसलं तर कार्ड ठीक. मग मॅन्युअलमधला तक्ता बघा, तो छोटा स्लॉट एखाद्या एम-टूबरोबर वाटून घेतलेला आहे का. दोन आठवड्यांपूर्वी मशीनमध्ये काही नवं लावलं होतं का, तेही लिहा.

---

पाणंद | बुधवार, संध्याकाळी ६:४५

एम-टू लावली होती. तक्ता बघतो.